सतरा सप्टेंबर : मुक्ती कोणाची, कोणापासून?



१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या निजामाने भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली. १९५६ साली संस्थानाचे तीन तुकडे झाले, आणि या दिवसाचेही. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन झाला. कर्नाटकात तो आज कल्याण कर्नाटकाच्या नावाने साजरा होतो. हैदराबाद शहरात २०२२ साली राज्य सरकारने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' आणि केंद्र सरकारने 'मुक्ती दिन' म्हणून एकाच दिवशी दोन स्वतंत्र सोहळे केले. २०२४ साली नव्या राज्य सरकारने 'प्रजापालन दिन' असे आणखी एक नाव दिले.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे. हिंदू प्रजा मुसलमान राजाच्या जोखडातून सुटली, एवढाच अर्थ या दिवसाला चिकटवण्याचा पद्धतशीर प्रयत्न चालू आहे. मग विसनूरच्या देशमुखाचे काय करायचे? तो हिंदूच होता. आणि ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावी त्याच्या गुंडांच्या गोळीला बळी पडलेला दोड्डी कोमरय्याही हिंदूच. उलट रझाकारांविरुद्ध निर्भीडपणे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. कवी मख्दूम मोहिउद्दीन तर आपलेच कॉम्रेड. लढा वेठबिगारीविरुद्ध होता, जमिनीसाठी होता. पक्षाच्या हिशेबाप्रमाणे सुमारे ३,००० गावांत १० लाख एकर जमीन शेतकऱ्यांनी वाटून घेतली.

निजामाचे काय झाले? २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत तो राजप्रमुख म्हणून मानाने बसला. सैन्य मात्र तेलंगणातील शेतकऱ्यांवर चालून गेले, आणि तो संघर्ष ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेईपर्यंत चालला. १९४९ साली जहागिऱ्या खालसा झाल्या व १९५० साली कूळकायदा आला हे खरे. पण कोणाच्या दडपणाने, हे शासकीय भाषणांत क्वचितच ऐकू येते.

आणखी एक गोष्ट आपण आपल्या व्यासपीठांवरूनही बोलली पाहिजे. रझाकारांचे अत्याचार सांगावेत, अवश्य सांगावेत. परंतु पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली होती. २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा व बिदर यांच्याबरोबर उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले मराठी जिल्हे होते. तो अहवाल सरकारने कित्येक दशके दडवून ठेवला.