होडीचं जुनं इंजिन घेण्याआधी एवढं बघाच

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या मार्गदर्शनाचा मजकूर)



मागच्या दोन सभांत एकच विषय निघाला. नदीकाठच्या गटांना मासेमारीसाठी इंजिनाची होडी घ्यायची आहे. नवी परवडत नाही, म्हणून जुनी बघणं चालू आहे. आपली पूर्णा नदी येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांतून खाली येते आणि आपल्याच तालुक्यात गोदावरीला मिळते. दिवसभर वल्हं मारणाऱ्या बाईला इंजिन मिळालं तर तिचे हात आणि वेळ दोन्ही वाचतील. म्हणून आज जुनं पेट्रोल इंजिन कसं पारखायचं ते बोलू. ज्यांच्याकडं होडी नाही त्यांनीही ऐका. पाण्याचा पेट्रोल पंप, फवारणी यंत्र, कोळपणीचं यंत्र, सगळ्यांच्या पोटात असंच छोटं इंजिन असतं.

आधी पैशाचं बघू. समजा गटातून ३०,००० रुपये उचलले, व्याज महिन्याला शेकडा १ रुपया. इंजिन पाण्यात चालो नाहीतर दारात गंजत पडो, महिन्याला ३०० रुपये व्याज लागतंच, मुद्दलाचा हप्ता वेगळा. आणि तो पैसा एकटीचा नाही, दहा जणींच्या बचतीचा आहे. म्हणून इंजिन बघायला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

जुनं इंजिन विकणारा बहुतेक वेळा एक वाक्य बोलतोच : "ताई, बाकी सगळं ओके आहे, नुसता कार्बोरेटर साफ करावा लागतो." हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा. कधी ते खरं असतं, कधी त्याच्या आड मोठं दुखणं लपलेलं असतं. दोन्हींतला फरक आपल्याला ओळखता आला पाहिजे.

कार्बोरेटर, आपण ज्याला कार्बेटर म्हणतो, तो इंजिनाचा घसा समजा. त्यात पेट्रोल आणि हवा ठराविक मापात मिसळून आत जातात. त्याच्या खाली छोटी वाटी असते आणि वाटीत एक फुगा तरंगतो. घरावरच्या टाकीत पाणी भरलं की फुगा वर येऊन नळ बंद करतो ना, तसंच हे काम. वाटीतलं पेट्रोल जेट नावाच्या अगदी बारीक भोकातून वर ओढलं जातं. इंजिन महिनोन् महिने पडून राहिलं की पेट्रोल उडून जातं, मागं चिकट राळ राहते आणि तेवढं भोक बुजतं. हे दुखणं साफसफाईनं, फार तर वायसर-सुईचा संच बदलून बरं होतं.

दुसरं दुखणं इंजिनाच्या काळजाचं. आत पिस्टन वर-खाली होतो आणि हवा-पेट्रोल दाबतो. पिस्टन, रिंगा, सिलिंडर झिजले की दाब राहत नाही. त्याला मिस्त्री कॉम्प्रेशन गेलं म्हणतात. ते काम खर्चाचं असतं, आणि जुन्या मॉडेलचा माल मिळेलच असं नाही.

आता तपासायचं कसं, ते क्रमानं सांगते.

पोचल्या पोचल्या इंजिनाला बाहेरून हात लावून बघा. सायलेन्सरला जपून, चटका बसेल. इंजिन गरम असेल तर विकणाऱ्यानं आपण यायच्या आधीच ते चालू करून ठेवलं आहे. झिजलेलं इंजिनही गरम असताना कधी कधी पटकन चालू होतं. सरळ म्हणा, "थंड होऊ द्या, आम्ही बसतो."

मग बटण बंद ठेवून दोरी हळूहळू ओढा. ती मिस्त्रीनं नाही, आपल्यातल्या जी होडी चालवणार आहे तिनं ओढायची. मध्येच दोरी अडायला पाहिजे, आतून कुणी मागं खेचल्यासारखी. ती सरसर येत असेल तर शंका घ्या. काही इंजिनांत दोरी हलकी व्हावी म्हणून सोय केलेली असते, तेव्हा मिस्त्रीला गेज लावून दाब मोजायला सांगा. दोरी ओढताना पदर खोचा, वेणी बांधून घ्या.

प्लग काढायला लावा. टोक फिकट तपकिरी, चहाच्या रंगाचं असेल तर चांगलं. कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं फटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. या गोष्टी बहुतेक कार्बोरेटरच्या. पण तेलानं ओलं काळं असेल आणि इंजिन फोर स्ट्रोक असेल, तर रिंगा गेल्याची खूण असू शकते. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, तिथं थोडा तेलकटपणा चालतो. पण मालकाला विचारा, ऑइल किती टाकत होता? बऱ्याच इंजिनांना ५० ला १ असं माप असतं, म्हणजे लिटरला २० मिली. तुमच्या इंजिनाचं माप कंपनीच्या पुस्तकात बघा. "अंदाजानं टाकतो" असं उत्तर आलं तर समजून घ्या.

फोर स्ट्रोक असेल तर ऑइलची कांडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. पंख्याच्या वरच्या गिअरचं ऑइलही असंच बघायचं. होडीचं इंजिन एकदा बुडालेलं असू शकतं, आणि तसं कुणी स्वतःहून सांगत नाही.

कार्बोरेटरच्या वाटीला खाली स्क्रू असतो. तो सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाला पाणी, गंज, कचरा दिसतो का बघा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, वायसर त्यानं खराब होऊ शकतात. म्हणून नळ्या वाकवून बघा. चिरा दिसल्या, चिकट लागल्या तर बदलण्याचा खर्च भावातून कमी करा. हे करताना जवळ बिडी, काडी नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाला साचते.

आता चालू करून बघायचं. होडीला मागं लावायचं, पाण्यानं थंड होणारं इंजिन कोरड्यात सुरू करू देऊ नका, आतला रबरी पंप जळतो. नदीत नाहीतर पाण्याच्या ड्रममध्ये बुडवूनच सुरू करा. बाजूच्या भोकातून पाण्याची धार सुटली पाहिजे. धार नसेल तर लगेच बंद करायला सांगा. बंद खोलीत कोणतंही इंजिन चालू करायचं नाही, त्याचा धूर जीव घेतो.

चोक बंद केला की इंजिन मरतंय, आवाज वर-खाली होतोय, कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकतंय, तर दोष बहुतेक घशाचा. फोर स्ट्रोक इंजिन तापल्यावरही निळा धूर सोडत राहिलं तर ते ऑइल जाळतंय, दोष काळजाचा. होडीत माणसं बसवून अर्धा तास चालवा. बंद करा, पाच मिनिटं थांबा, परत दोरी मारा. गरम इंजिन परत चालू होत नसेल तर मधल्या पाण्यात तुमचं काय होईल, याचा विचार करा.

आता निर्णय. कॉम्प्रेशन गेलेलं दिसलं तर भाव कितीही उतरला तरी उठा. दोष नुसता कार्बोरेटरचा वाटला तर त्याला म्हणा, "साफ करून ठेवा, मग परत बघतो." काम खरंच तेवढंच असेल तर तो करेल. तो करायला तयार नसेल, तर त्याला जे माहीत आहे ते आपल्याला अजून कळलेलं नाही.

व्यवहाराला एकटीनं जायचं नाही. तिघी जा, सोबत आपल्या पैशानं आपला मिस्त्री न्या. "तुम्हाला काय कळतंय, घरच्या माणसाला पाठवा" असं कुणी म्हणलं तर भांडत बसू नका. दोरी हातात घ्या आणि पुढचं बघा. इंजिन नंबर कागदाशी जुळवा, पावती गटाच्या नावानं घ्या, पैसे बँकेतून द्या, ठराव रजिस्टरला लिहा. त्या मॉडेलचे सुटे भाग कुठं मिळतात, हे आधीच दुकानात विचारा.

शेवटी जिवाचं. २१ मे २०२४ ला उजनी धरणात वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जण गेले. प्रत्येकीला लाइफ जॅकेट आणि होडीत एक वल्हं, हा खर्च प्रस्तावातच धरा. पैसे घेऊन माणसं नेण्याचा विचार असेल तर थांबा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे इंजिनाच्या होडीची नोंदणी आणि तपासणी लागते. आपल्या राज्यात ते काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. तिथं चौकशी केल्याशिवाय कर्जाचा प्रस्ताव पुढं पाठवू नका.

ज्या गटांचं बघणं ठरलंय त्यांनी तारीख कळवा, मी सोबत येते. दोरी मात्र तुम्हीच ओढायची.