आधीची सहा वर्षे आणि शेवटचे अकरा दिवस

आईच्या आजारपणाचा खर्च मी एका जुन्या डायरीत लिहून ठेवत असे. ती गेल्यावर ती डायरी चाळली. सहा वर्षांच्या नोंदींत औषधे किरकोळ होती. खरा खर्च होता तो दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींचा पगार, डायपर आणि हवेची गादी यांचा. पत्नीने सोडलेली नोकरी कुठल्याच रकान्यात नव्हती. आणि शेवटच्या पानावर एकच आकडा : रुग्णालयाचे अकरा दिवसांचे बिल. मावशींच्या जवळजवळ दोन वर्षांच्या पगाराएवढे!

श्रोतेहो, स्मृतिभ्रंश म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा विसराळूपणा, अशी आपली समजूत असते. आमचीही होती. पण हा आजार मेंदूचा आहे आणि तो वाढत जातो. माणसे ओळखू येईनाशी होतात, मग बोलणे जाते, चालणे जाते, आणि शेवटी घास गिळायचा कसा हेही मेंदू विसरतो. अन्न श्वासनलिकेत जाते, ठसका लागतो, न्यूमोनिया होतो. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या शुश्रूषागृहांतील ३२३ रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या अखेरच्या अवस्थेतले निम्म्याहून अधिक रुग्ण त्या दीड वर्षात दगावले आणि सुमारे ८६ टक्क्यांना खाण्या-गिळण्याचा त्रास झाला. म्हणजे आईचे घास न गिळणे ही अचानक आलेली आपत्ती नव्हती, आजाराची ती शेवटची पायरी होती. हे आम्हाला कोणी सांगितले नाही. खरे तर आम्हीही विचारले नाही.

रात्री अकरा वाजता रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, ‘‘नाकातून नळी घालायची ना?’’ अशा वेळी कुठला मुलगा ‘नको’ म्हणेल? आई उपाशी राहील, या कल्पनेनेच मी सही केली. ती नळी उपटायची, म्हणून तिचे हात पलंगाला बांधले. ज्या हातांनी तिने तीस वर्षे शाळेच्या फळ्यावर लिहिले, ते हात. आम्हाला दिवसातून दोनदा, दहा मिनिटे भेटता येई.

नंतर वाचनात आले की, अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत अशी नळी घालू नये, असाच सल्ला दिला आहे. नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे आढळलेले नाही. त्याऐवजी हाताने, सावकाश, रुग्ण घेईल तेवढेच भरवावे. दोन चमचे पेज गेली तर दोन चमचे. आमच्या मावशी नेमके हेच करत होत्या, आणि आम्ही त्यांना ‘‘अजून थोडे भरवा’’ म्हणून टोकत होतो.

याचा अर्थ म्हाताऱ्यांवर खर्च करू नये असा कोणी काढू नये. आजाराच्या सुरुवातीला न्यूमोनिया झाला, पडून हाड मोडले, तर उपचार व्हायलाच हवेत. वेदना तर कुठल्याही अवस्थेत थांबवल्या पाहिजेत. माझी तक्रार पैसा कुठे जातो याबद्दल आहे. आपला आरोग्य विमा साधारणपणे दाखल झाल्यावरच कामाला येतो. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ मध्ये आयुष्मान योजना लागू झाली, तीही रुग्णालयातल्या उपचारांसाठीच. आयसीयूचे पैसे मिळू शकतात, मावशींचे नाहीत. तिकडे अमेरिकेतही फार वेगळे नाही. अखेरच्या पाच वर्षांतला खर्च २०१५ साली तिथे मोजला गेला, तेव्हा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णामागे कुटुंबाच्या खिशातून सरासरी ६१ हजार डॉलर गेले होते. इतर रुग्णांमागे ३४ हजार.

पैशाचे सरकार बघेल तेव्हा बघेल. सहीचे मात्र आपल्या हातात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचे. आपल्याला बोलता येईनासे झाल्यावर कोणी निर्णय घ्यावा, त्यांची नावे त्यात लिहायची. पुढे वेळ आली की रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळे प्रकरण तपासतात, त्यामुळे कोणी घाईने काही उरकेल ही भीती नको. अट मोठी आहे ती एकच. लिहिणारा शुद्धीवर आणि समजत्या मनाचा हवा. स्मृतिभ्रंशात ही मुदत निदानानंतर लवकर संपते. आईला पहिल्या दोन वर्षांत विचारले असते, तर तिने स्पष्ट सांगितले असते. ती स्पष्टच बोलायची. आम्ही मात्र तिच्यासमोर आजाराचे नावही काढत नव्हतो.

माझा कागद गेल्या वर्षी झाला. मुलाला वाचायला दिला. त्याने शांतपणे घडी घातली आणि ‘‘बाबा, चहा टाकू का?’’ एवढेच म्हणाला. मीही विषय वाढवला नाही. तिसऱ्या दिवशी तो कागद घेऊन पुन्हा आला, खुर्ची ओढून बसला. म्हणाला, ‘‘यात नळी नको असं लिहिलंय. सलाइनचं काय?’’