मद्यासक्ती आणि तीवरील उपचार



मद्यपानाचा निषेध या व्यासपीठावरून पुष्कळ वेळा झाला आहे. तो आम्ही पुन्हा करीत नाही. घरातला कर्ता पुरुष व्यसनात बुडालाच, तर त्याला बाहेर कसे काढावयाचे, एवढाच आमचा विषय आहे.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्यास खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडणे, हा कित्येक घरांत रामबाण उपाय मानला जातो. परंतु दोन-तीन दिवसांत अशा मनुष्यास आकडी येऊ शकते, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरांची देखरेख, शामक औषधे व थायमिन हे जीवनसत्त्व अवश्य होय. एवढ्याने शरीर सावरते. ओढ मात्र कायम राहते.

त्या ओढीवर औषधे आहेत. १९४८ साली डेन्मार्कमधून पुढे आलेले डायसल्फिराम घेतले असता मद्याचा घोट जाताच चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकारी येते. मनुष्य धाकाने दूर राहतो. नाल्ट्रेक्सोन धाक घालीत नाही, ते मद्याची गोडीच कमी करते. यांतील पहिले औषध चहातून चोरून देण्याची चाल आहे. रोग्यास ठाऊक नसते, तो पितो आणि रक्तदाब कोसळतो. मायेपोटी केलेला विषप्रयोगच तो! (लग्न लावून दिले की सुधारेल, हा उपचार आम्ही मुद्दामच वगळला आहे, त्याचे मोल परक्याची मुलगी देते.)

समुपदेशनाच्या पद्धतीही अनेक आहेत. अमेरिकेत १,७२६ रुग्णांवर तीन पद्धती ताडून पाहिल्या. १९९७ साली निष्कर्ष आले, तेव्हा तिन्हींच्या फळांत फारसे अंतर दिसले नाही. त्यांतील एक पद्धती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांवर आधारलेली होती. पूर्ण वर्ज्यतेच्या बाबतीत हा मार्ग किंचित सरस ठरतो, असे पुढील संशोधनांवरून दिसते. ही संस्था १९३५ साली अ‍ॅक्रन गावी एक शेअरदलाल व एक शल्यवैद्य यांच्या भेटीतून निघाली. दोघेही स्वतः मद्यासक्त होते. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली निघालेल्या मुक्तांगणातही व्यसनातून सुटलेली माणसे नव्यांना आधार देतात आणि घरच्या मंडळींनाही उपचारांत सामील करून घेतले जाते.

चारचौघांत बभ्रा होईल म्हणून जी घरे अद्याप थांबली आहेत, त्यांना आम्ही इतकेच कळवितो की, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेत आडनाव विचारीत नाहीत आणि फीही घेत नाहीत.