पार्टिशनच्या भिंतीला भोक पडलं तर

दुकानातली, दवाखान्यातली, हल्ली घरातलीही पार्टिशनची भिंत पुष्कळदा जिप्सम बोर्डाची असते. बहुधा साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड, दोन्ही अंगांनी कागद, आत पत्र्याचा सांगाडा. दाराची मूठ आपटून तिला भोक पडलं, तर नुसती पुट्टी भरून भागत नाही. मागे पोकळी असते, पुट्टी आतच गळते. आधी मेन स्विच बंद करा, कारण त्या पोकळीतून वायरी गेलेल्या असतात. मग भोक चौकोनी कापून घ्या. आत लाकडी पट्टी आडवी धरून दोन्ही टोकांना स्क्रूने आवळा आणि तिच्यावर तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवा. सांध्यावर जॉइंट टेप हवीच, नाहीतर तिथेच केसासारखी चीर उमटते. वर जॉइंट कंपाउंडचे पातळ हात. पहिला पुरता वाळल्यावरच दुसरा. शेवटी पॉलिश पेपर, प्रायमर, रंग.

पावसाळ्यात पिवळा डाग दिसला, तर मात्र बोटाने दाबून पाहा. बोर्ड मऊ लागला, कागद सुटला, की तो भाग काढूनच टाकावा लागतो. कितीतरी घरांत आधी रंगारी येतो आणि मग प्लंबर. पैसे वाया जातात, जीव हळहळतो. वरच्या बाथरूमची गळती आधी थांबवा.