समुद्रावरचे क्षेपणास्त्र-संरक्षण



तुळजापुरात, बालाघाटाच्या माथ्यावर बसून नौदलाच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारील. पण हा विषय समजायला लागणारी दोन्ही साधने आपल्या शिवारात आहेत, गोफण आणि सूप.

गोफणीतून धोंडा सुटला की राखणदाराचा त्याच्यावर ताबा उरत नाही. तो कोठे पडणार हे सुटतानाच्या वेगाने व दिशेने ठरून गेलेले असते. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचे असेच. इंधन थोडा वेळ जळते, पुढचा प्रवास पृथ्वीच्या ओढीने. दीड हजार किलोमीटरची मजल सुमारे दहा मिनिटांत! वाट ठरीव, म्हणूनच त्याला मध्ये गाठण्याचा हिशेब मांडता येतो. (अलीकडे काही अस्त्रे शेवटी वळण घेतात, तो हिशेब अधिक बिकट.)

पाण्यालगत येणारे अस्त्र पृथ्वीच्या गोलाईमुळे नौकेच्या रडारला वीस-पंचवीस किलोमीटरवर येईतो दिसत नाही. शंभर किलोमीटर उंच चढलेले मात्र, रडार समर्थ असेल तर, हजार किलोमीटरवरूनही दिसते. शिवाय नौका त्याच्या वाटेवर जाऊन उभी राहू शकते.

मग पाडावे कोठे? वातावरणाबाहेर वेळ बरा मिळतो. पण तेथे शत्रू खऱ्या अस्त्राबरोबर फसवे फुगे सोडू शकतो. हवाच नसल्याने हलके-जड बरोबरीने चालते. वारा पडलेला असताना खळ्यावर उफणायला उभे राहावे, तसे ते. वातावरणात शिरल्यावर भूस मागे पडते, दाणा पुढे येतो. पण तेव्हा हाती उरते अर्धे-पाऊण मिनिट. घाई करावी तर अस्त्रे भुसावर जातात, आणि ती असतात मोजकी. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या, २०२१ साली नौदलात आलेल्या 'विशाखापट्टणम'वर प्रामुख्याने विमाने व नीच उडणारी क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या बराक अस्त्रांच्या नळ्या आहेत ३२. त्या रित्या झाल्या की बंदर गाठणे आले.

अमेरिकेने वातावरणाबाहेर गाठणारी अस्त्रे नौकांवर चढवली. एप्रिल २०२४ मध्ये ती इराणी क्षेपणास्त्रांवर प्रथमच प्रत्यक्ष युद्धात सोडली. आपण २१ एप्रिल २०२३ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रावरून जे अस्त्र प्रथम उडवून पाहिले, ते वातावरणाच्या आत गाठणारे. जमिनीवरून आपण वरचा थर २००६ साली व खालचा २००७ साली अजमावला होता. समुद्रावरचे काम आम्हांला त्याहून अवघड वाटते. नौका डुलते, वळते, पुढे सरकते, आणि रडारच्या प्रत्येक नोंदीतून तिची स्वतःची हालचाल वजा करावी लागते, तीही त्याच पाऊण मिनिटात.