घारीचा पंख आणि मुलाच्या हातातील दोरा



महाराष्ट्रात पतंग म्हटला की संक्रांत आठवते. दिल्लीत मात्र पतंगांचा हंगाम ऐन पावसाळ्यात, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरास येतो. १५ ऑगस्टच्या दुपारी जुन्या दिल्लीच्या गच्च्या मुलामाणसांनी फुलून जातात आणि त्याच आकाशात घारी घिरट्या घालीत असतात. त्या दिवसांत शहरातील पक्षी-रुग्णालयांत मांज्याने कापलेल्या पाखरांची रीघ लागते.

चांदणी चौकाच्या तोंडाशी, लाल किल्ल्यासमोर, दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात धर्मादाय पक्षी-रुग्णालय आहे. जखमी कबूतर, पोपट वा चिमणी कोणीही आणावी. तेथे पैसे घेतले जात नाहीत. अहिंसेच्या तत्त्वानुसार तेथे शाकाहारी पक्ष्यांनाच दाखल करून घेतात. शिकारी पक्ष्यांवर बाहेरच्या बाहेर उपचार होतात. त्यांना आत ठेवले जात नाही. या नियमाला कारण आहे. जेथे जखमी कबुतरे विसावली आहेत, तेथे घारीला मांस भरविणे संस्थेच्या व्रतात बसणारे नव्हते.

परंतु या नियमामुळे घारीसाठी दार कोणते, हा प्रश्न उरला. नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या दिल्लीच्या दोन भावांना किशोरवयातच तो पडला. त्यांनी उचलून आणलेली जखमी घार मांसाहारी म्हणून स्वीकारली गेली नाही आणि ते हताश होऊन परतले. पुढे २००३ साली त्यांना अशीच एक घार सापडली. या वेळी त्यांनी तिला घरी नेले आणि पशुवैद्य शोधला. दोघांनाही व्यायामाची आवड असल्याने स्नायू व स्नायुबंध यांची थोडी जाण होती. त्या बळावर ते पंख शिवायला शिकले. वजिराबाद भागातील त्यांच्या घरात, साबणदाण्या बनविण्याच्या घरगुती कारखान्याशेजारी, घारींचे इस्पितळ उभे राहिले. तेथे हजारो पक्ष्यांवर उपचार झाले. शौनक सेन यांनी या भावांवर काढलेला ‘ऑल दॅट ब्रीद्ज’ हा माहितीपट २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत गौरविला गेला व पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

घार या महानगराच्या फार उपयोगाची आहे. जगात घारींची सर्वांत दाट वस्ती असलेल्या शहरांत दिल्लीची गणना होते. गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर त्यांचे थवे दिसतात. शहराने टाकलेले मांस व मेलेले उंदीर त्या उचलतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडे जवळजवळ नाहीशी झाल्यावर तर आकाशातील सफाईचे मोठे काम त्यांच्याकडे आले. मराठी मनालाही हा पक्षी परका नाही. संत जनाबाईंच्या अभंगातील घार ही आकाशात असूनही पिलांपाशी जीव गुंतलेली माता आहे.

या मातेचा पंख मांज्यात सापडला की काय होते? काच लावलेला दोरा करवतीसारखा चालतो. पक्षी सुटण्यासाठी जितका फडफडतो, तितका दोरा खोल जातो. कातडी शिवता येते; पण हाड उघडे पडले, स्नायुबंध तुटला, तर निष्णात हातही घारीला पुन्हा उडविण्याची हमी देऊ शकत नाहीत. जी उडू शकत नाही तिला उरलेले आयुष्य पिंजऱ्यात काढावे लागते.

म्हणूनच कोणत्याही प्राणी-निवाऱ्याचे काम कितीही थोर असले, तरी ते अपघातानंतर सुरू होते. त्याआधीचे काम घरोघरच्या गच्चीवर करावयाचे आहे. दिल्ली शासनाने जानेवारी २०१७ मध्ये नायलॉनच्या तसेच काच किंवा धातू लावलेल्या मांज्यावर बंदी घातली. केवळ साध्या सुती दोऱ्याला परवानगी ठेवली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांज्यावर देशभर बंदीचा आदेश दिला. तरीही दरवर्षी पक्षी कापले जातात, दुचाकीस्वारांचे गळे चिरले जातात. मुंबईतही संक्रांतीच्या दिवसांत परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयात असेच जखमी पक्षी येतात. कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. मुलाच्या फिरकीत कोणता दोरा आहे हे पाहण्यासाठी आई-वडील आणि शिक्षकच लागतात.

जखमी पक्षी आढळला, तर काही गोष्टी प्रत्येक मुलाला ठाऊक हव्यात. दोरा ओढू नये. पंखात रुतलेला भाग तसाच ठेवून लोंबणारी टोके कात्रीने कापावीत. पक्ष्यावर अलगद कापड टाकून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे. चोचीत बळेच पाणी ओतू नये. घारीच्या नख्यांपासून जपावे आणि मोठ्यांच्या मदतीने तिला लवकर उपचारकेंद्रात पोहोचवावे. पतंग कटल्यावर तारांत व झाडांत अडकलेला दोरा पुढे कित्येक दिवस पक्ष्यांना कापीत राहतो; तो सावधपणे गोळा करणे हाही सणाचाच भाग मानावा. विजेच्या तारांना मात्र हात लावू नये.

दोन मुले एक जखमी घार घेऊन दारोदार फिरली, म्हणून या शहरात घारींसाठी एक दार उघडले. या शाळेतील मुलांना तितके फिरावे लागू नये. त्यांनी येत्या १५ ऑगस्टला साध्या सुती दोऱ्याने पतंग उडवावा, खुशाल पेच लावावा, हरल्यास हसावे, आणि संध्याकाळी घार आपल्या झाडावर परतताना पाहावी.