मौजे नवघर येथील स्वागत



एके काळी ज्या परिसराची ओळख खाडीकाठच्या मिठागरांवरून होत असे आणि आज जी पहाटेपासून भरभरून सुटणाऱ्या लोकलवरून होते, त्या मौजे नवघरच्या वतीने मी आपले सादर स्वागत करतो. वैद्यकात माझा अधिकार नाही; तथापि लोकलला शौचालय नसते एवढ्या यःकश्चित गोष्टीने अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रोग्यास परळचे रुग्णालय किती दूर होते, हे मी पाहिले आहे. तो गाडीची वेळ नंतर पाहतो. वाटेत कोणत्या फलाटावर संडास उघडा सापडेल, याची तजवीज आधी करतो.

लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ साली जिचे वर्णन केले, ती ही व्याधी आमच्याकडे अजूनही पुष्कळदा मूळव्याध किंवा उष्णता म्हणून सब्जाच्या पाण्यावर निभावली जाते. दिवसातून सहा वा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि त्यासोबत ताप किंवा नव्वदीपलीकडची नाडी, ही ट्रूलव्ह व विट्स यांनी १९५५ मध्ये सांगितलेली तीव्रतेची खूण घरोघरी ठाऊक असावयास हवी. परंतु मला अधिक भय वाटते ते शौचाची संख्या एकाएकी घटते त्या दिवसाचे. घरची माणसे देवापुढे साखर ठेवतात आणि इकडे पोट फुगत जाते. क्ष-किरण चित्रात आडवे आतडे सहा सेंटिमीटरांहून अधिक रुंदावलेले दिसते, कारण स्नायूच लुळे पडलेले असतात. यालाच आपण वैद्यमंडळी टॉक्सिक मेगाकोलन म्हणता. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या आणि रक्तातील पोटॅशियमची घट या अनर्थास हातभार लावतात. मिठागरांच्या गावी क्षारांची ही कैफियत मांडावी लागावी, हाही एक योगच.

आमांशाचा अमीबा आणि आतड्याचा क्षय हे आपल्या इलाख्यातले या व्याधीचे जुने तोतये. अमीबा न ओळखता स्टेरॉइड दिले, तर आतड्यास छिद्र पडण्याचा धोका वाढतो. उलट, योग्य निदानानंतरही शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडला तिसऱ्या दिवसापर्यंत गुण नसेल, तर पुढील औषधाचा वा शस्त्रक्रियेचा निर्णय लांबणीवर टाकता येत नाही. म्हणूनच औषधवैद्य आणि शल्यवैद्य यांस आम्ही एकाच व्यासपीठावर बसविले आहे.

भोजनमंडपाआधी स्वच्छतागृहांचा बंदोबस्त केला, म्हणून समितीतील काही मंडळींनी नाके मुरडली. पण आजच्या निमंत्रितांत रोगीही आहेत. ती स्वच्छतागृहे डाव्या दाराशी असून त्यांना कुलूप नाही.